देवाच्या वळूची मालकीण

मुरमेवाडीत कुणाच्या उभ्या पिकात जनावर शिरलं, की हल्ली लोक ते जनावर हाकलत बसत नाहीत. सरळ हरणाबाईच्या दारात येतात. "म्हातारे, तुज्या बैलानं माजा मका खाल्ला," म्हणतात आणि कमरेवर हात ठेवून उभे राहतात. फार जुनी गोष्ट नाही, हाच वळू ह्याच मक्यात शिरायचा तेव्हा हीच माणसं पायताण काढून हात जोडायची. "देव आला रं शेतात," म्हणायची आणि देवानं तुडवलेल्या धाटांकडं कौतुकानं बघत राहायची. वळू तोच आहे, मकाही तोच आहे. मधल्या काळात एवढंच झालं की हरणाबाईनं सरकारला खरं ते सांगितलं.

खरं बोलायची खोड तिला पहिल्यापासूनची. मुरमेवाडी म्हणजे आटपाडीच्या पलीकडची धनगरांची वाडी. पाऊस कमी, माळ जास्त. हरणाबाईचं निम्मं आयुष्य नवऱ्याच्या, बिराप्पाच्या, मेंढरांमागं फलटणकडच्या उसाच्या मुलखात चालण्यात गेलं. मेंढरं बघायला व्यापारी आला, की बिराप्पा आधी बायकोला घागर देऊन पाण्याला पिटाळायचा. कारण ती तिथं असली तर व्यापाऱ्यानं न विचारताच सांगायची, "ह्ये घिऊ नगा, ह्ये रातचं ढासतंय." बिराप्पा कपाळावर हात मारून घ्यायचा, पण तिला कधी उलटून बोलला नाही. एक तर ती ऐकणारी नव्हती, आणि दुसरं म्हणजे वाटेवरची रीत त्यालाही ठाऊक होती.

ती रीत अशी. आपल्या कळपात रोग दिसला, की काठीला लिंबाचा डहाळा बांधायचा. समोरून दुसऱ्याची मेंढरं येताना दिसली की लांबूनच ओरडायचं, "लांबनं जावा वोऽऽ, माज्यात रोग हाय!" समोरचा मग वाट सोडून माळानं वळसा घालायचा. जाताना तोही ओरडून सांगायचा की पाणी कुठं आहे, कुठला शेतकरी बरा आहे. त्यात कुणाला लाज वाटायची नाही. रोग लपवून दुसऱ्याच्या कळपाजवळून गेलेल्या माणसाला मात्र पुढं कुणी चुलीजवळ बसू द्यायचं नाही. हरणाबाई हेच शिकली. पुढं बिराप्पा गेला, मेंढरं विकली, कालव्याचं पाणी आलं, वाडीत डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, दारोदार मोटारसायकली आल्या. वाटेवरची रीत वाटेवरच राहिली, हे काही तिच्या लवकर ध्यानात आलं नाही.

मागं उरला एकुलता एक पोरगा, पप्पू. त्या भागातल्या पोरांसारखा तोही गलाईच्या धंद्यात शिरला, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, तिकडं लांब कोईमतूरला. घरी त्याची बायको उत्कर्षा, हरणाबाई आणि एक खिलार गाय.

कोरोनाच्या वर्षी पप्पू तिकडंच अडकला आणि आजारी पडला. दवाखान्यात नेलंय एवढाच निरोप आला. पुढं फोन लागेना. उत्कर्षा रडून रडून थकलेली. गाडी नाही, रस्ता नाही, जायचं म्हटलं तर कुणी जाऊ देणार नाही. हरणाबाई उठली, गाईचा नवा गोऱ्हा पुढ्यात घातला आणि माळावरच्या बिरोबाच्या देवळापुढं जाऊन उभी राहिली. देऊळ बंद होतं, पुजारीही घराबाहेर पडत नव्हता. ती बंद दाराशीच बोलली.

"ह्येला तुला सोडते. ह्येच्या मानंला दावं लागायचं न्हाई, नाकात येसण जायाची न्हाई. माजं पोर माघारी दे."

पप्पू माघारी आला. हाडांचा सापळा होऊन आला, पण स्वतःच्या पायांनी आला. दसऱ्याला गोऱ्ह्याच्या अंगावर भंडारा उधळून त्याला देवाच्या नावानं मोकळं सोडलं. सगळी वाडी जमली होती. पुजारी नानासोनं ढोल लावून घेतला आणि वर्षभरातला सगळ्यात मोठा नैवेद्य घरी नेला. त्या दिवसापासून तो वळू हरणाबाईचा राहिला नाही. तो वाडीचा झाला, म्हणजे देवाचा झाला. कुणाच्याही दारात जावं, कुणाच्याही गव्हाणीत तोंड घालावं. बायका त्याच्या खुरावर पाणी ओतायच्या, वाडीतल्या गाई त्याच्याकडूनच गाभण राहायच्या. एवढा मान वाढला तरी एक सवय त्यानं सोडली नाही. रोज सकाळी तो जन्माच्या गोठ्यापुढं येऊन उभा राहायचा आणि हरणाबाईच्या हातची एक भाकरी खाऊन मगच गावात फिरायला जायचा.

पुढं जनावरांच्या अंगावर गाठी यायचा तो रोग आपल्याकडं दुसऱ्या खेपेला पसरला, तो पावसाळा. आजूबाजूच्या तालुक्यांत गाई-बैल पटापट आडवे पडत होते. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर, राजेश्वरी मॅडम, स्कूटीवरून वाडीत आल्या आणि त्यांनी देवळापुढं लोकांना बसवून नीट समजावून सांगितलं. कुठल्याही जनावराच्या अंगावर गाठ दिसली की कळवायचं. मालकानं कळवायचं, शेजाऱ्यानं कळवायचं, पोलीस पाटलानं तर कळवायचंच. तसा कायदाच आहे. पोलीस पाटील सयाजी पुढंच बसला होता. त्यानं सगळ्यांत आधी मान डोलावली. मग बाकीच्यांनीही डोलावल्या.

मान डोलवायला काही लागत नाही. पण दसऱ्यानंतर बिरोबाची जत्रा होती, आणि जत्रेत बैलांच्या शर्यती होत्या. किती वर्षं बंद असलेल्या शर्यती नुकत्याच सुरू झालेल्या. सयाजीनं शर्यतीसाठी बाहेरच्या बाजारातून एक बैल आणला होता आणि त्याचे फोटो काढून गावभर मोबाइलवर पाठवले होते. रोग जाहीर झाला की बाजार बंद, शर्यत बंद, वाडीतलं जनावर बाहेर जायचं नाही आणि बाहेरचं आत यायचं नाही. हे मॅडमनीच सांगितलं होतं. तेव्हापासून मुरमेवाडीची नजर एकदम अधू झाली. कुणाच्या गाईच्या मानेवर फुगवटा आला तर तो गोचीड चावल्याचा ठरायचा, नाहीतर शिंग लागल्याचा.

एके दिवशी वळू सकाळी उशिरा आला. हरणाबाईनं भाकरी पुढं केली. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुढचा एक पाय सुजला होता. तिनं मानेवरून हात फिरवला तर केसांखाली गाठीच गाठी. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. तिला कळायचं ते कळलं होतं, आणि आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही तिला वाटलं.

आधी ती नानासोकडं गेली. पुजारीच तो, देवाच्या जनावराचं त्याला नको का सांगायला? नानासोनं कानांवर हात ठेवले. "हरणे, देवाचं अंग हाय त्ये. देवी आली आसंल. लिंबाचा पाला फिरीव आन गप बस. त्वांडातनं रोगाचं नाव काडू नगंस."

मग ती सयाजीकडं गेली. त्यानं तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला, अगदी मऊ बोलला. "काकी, तुमी म्हंता त्ये खरं आसंल. पर येवडी जत्रा हू द्या. मग आपुन दोगं मिळून बाईला फोन लावू. आता सांगितलं तर वाडी आपल्याला फाडून खाईल."

"आन तवर त्यो दारोदार फिरतुया त्येचं काय रं? सगळ्यांच्या गव्हानीत त्वांड घालतुया."

"देवाचा हाय. देव बगंल."

हरणाबाई चहा तसाच ठेवून उठली.  बिराप्पा असता तर काठीला डहाळा बांधून केव्हाच ओरडत सुटला असता. घरी येऊन ती सुनेला म्हणाली, "लाव त्या डाक्टर बाईला फोन."

"आत्ती, लोक काय म्हंतील?" उत्कर्षा म्हणाली.

"म्हंतील त्ये म्हंतील. लाव."

मॅडम दुपारपर्यंत आल्या. वळू देवळापुढच्या लिंबाखाली उभा होता. बघता बघता वाडी गोळा झाली. मॅडमनी वळूला लांबून बघितलं, मग जवळ जाऊन बघितलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"मालक कोण?"

"बिरोबा," हरणाबाई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

"मावशी, यात देवाचं नाव चालत नाही. मालकाचं आधार कार्ड लागतं. कानात बिल्ला मारल्याशिवाय नोंद होत नाही, आणि नोंद झाल्याशिवाय मला पुढं काही करता येत नाही. कुणाचं नाव घालू?"

ज्या वळूच्या नावानं दरवर्षी नारळ फुटत होते, त्याला आधार कार्ड द्यायला एक माणूस पुढं येईना. नानासोला देवळात दिवा लावायची आठवण झाली. सयाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "देवाच्या जनावराला आमी कसं नाव लावायचं मॅडम? पाप लागंल." बाकीचे एकमेकांच्या मागं सरकले. वळू मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या नाकातून धार लागली होती.

हरणाबाईला राग आला. आयुष्यात तिनं रागाच्या भरात जी कामं केली त्यातलं हे सगळ्यात महागात पडलेलं काम.

"माजं घाला," ती म्हणाली. "उत्कर्षा, आन गं माजं कार्ड."

तिला वाटलं, औषधापुरतं नाव. रेशनच्या दुकानात सांगतो तसं. मॅडमनी वळूच्या कानात पिवळा बिल्ला मारला, इंजेक्शनं दिली, आणि मग म्हणाल्या, "आता हा तुमच्याकडं बांधून ठेवायचा. इतर जनावरांपासून लांब. अजिबात मोकळा सोडायचा नाही."

हरणाबाई वळूच्या आडवी उभी राहिली. "बाई, त्येला दावं लावायचं न्हाई. नवस हाय माजा. पोरासाटनं बोललीया मी."

 मॅडम म्हणजे वाईट बाई नव्हती. एकटीच्या अंगावर कितीतरी गावं होती, स्कूटीच्या डिकीत लशीची पेटी होती आणि पेटीतला बर्फ वितळत होता. "मावशी, मी तुम्हाला जबरदस्ती नाही करत," त्या म्हणाल्या. "पण हा असा फिरला तर वाडीतल्या गाई मरतील. मालक म्हणून आता तुमचं नाव आहे. तुम्हीच ठरवा."

वळूला बांधायला कुणी हात लावणार नव्हतं, आणि लावला असता तरी त्यानं लावू दिला नसता. जन्मात दोर न पाहिलेलं दांडगं जनावर ते. हरणाबाई पुढं झाली आणि नुसती घराकडं चालू लागली. तो लंगडत तिच्या मागून आला. गोठ्याच्या मागल्या बाजूला, गाईपासून लांब, तिनं खुंटा ठोकला. दावं त्याच्या आईचंच होतं, जुनं, हाताळून मऊ झालेलं. तिनं कपाळाला भंडारा लावला आणि देवळाच्या दिशेनं तोंड केलं.

"मी शब्द मोडतीया," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या दावणीसाटनं मोडतीया, त्ये तुला दिसतंय. शिक्षा करायची तर मला कर. पोराकडं बगू नगंस."

वळूनं मान खाली घातली. शिंगं हलवली नाहीत, पाय आपटला नाही. तिनं गळ्यात दावं टाकलं तेव्हा तो नुसता फुसकारला आणि तिचा पदर चाटायला लागला. हरणाबाईला त्या क्षणी रडू फुटलं. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. त्यानं झटका दिला असता, तिला आडवं पाडलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. रोग जाहीर झाला, जनावरांचा बाजार बंद झाला, शर्यतीला परवानगी मिळाली नाही. जत्रेत नुसते पाळणे आणि भेळेच्या गाड्या. सयाजीचा बैल झूल घालून दारात उभा राहिला. वाडी हरणाबाईवर दात खाऊन होती, पण एवढ्यावर भागलं असतं. शर्यत काय, पुढच्या वर्षी झाली असती. खरं बालंट आलं ते नंतर. वळूला बांधल्यावर आठवडा गेला असेल-नसेल, वाडीतल्या घराघरांत गाठी उठायला लागल्या. नानासोची दुभती गाय मेली. पलीकडच्या वस्तीवर ऐन कामाचा बैल मेला.

मॅडम घसा कोरडा होईपर्यंत सांगत होत्या की हा रोग आधी अंगात मुरतो आणि मग दिसतो, वळू मोकळा फिरत होता तेव्हाच तो सगळीकडं गेला होता, आणि या बाईनं त्याला बांधलं नसतं तर याहून जास्त मेली असती. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि मॅडमची स्कूटी वळली की म्हणायचे, "देवाच्या मानंला दावं लावलं, मग दुसरं काय हुनार?" ह्यात कुठं खोट काढायला जागाच नव्हती. दावं लावायच्या आधी रोग नव्हता. कारण आधी तो कुणी सांगितलाच नव्हता.

नानासोच्या अंगात आलं. तसं त्याच्या अंगात वर्षातून एकदा, देवळात यायचं. ह्या खेपेला सयाजीच्या ओट्यावर आलं. "माज्या मानंला फास बसलाय," देव म्हणाला. फास कुणी बसवला हे देवानं नाव घेऊन सांगितलं. देवाला आधार कार्ड लागत नाही, पण हरणाबाईचं नाव बरोबर ठाऊक होतं.

त्यानंतर नळावर ती गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. गिरणीत तिचं दळण शेवटी पडायचं. हे तिनं सोसलं. तिला सोसवलं नाही ते पप्पूचं.

बरा होऊन तो केव्हाच कोईमतूरला परत गेला होता. तिकडून त्याचा फोन आला तेव्हा तो खोकत होता. साधा सर्दी-खोकला. "आये, तू कुनाला इचारून दावं लावलंस?" तो म्हणाला. "माज्यासाटनं बोललीवतीस न्हवं? मग मोडायच्या आदी मला इचारायचं व्हतं. हितं आपल्याकडची पोरं माज्याबरूबर जेवाय बसंनात. मला ताप आलाय. मेलो तर तुज्यामुळं मेलो म्हन."

"आरं, वाडीतली जित्राबं—"

"जित्राबं जवळची झाली तुला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ताप उतरला त्याचा. आठवडाभरात ठणठणीत झाला. पण दिवाळीला आला नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही आला नाही. ज्याच्यासाठी तिनं नवस केला त्याला तो मोडल्याचा राग आला, आणि ज्याला नवस केला तो बिरोबा मात्र काही बोलला नाही. हरणाबाईला कधीकधी वाटायचं की सगळ्या वाडीत तिची बाजू कळणारा तेवढाच असावा. पण त्यालाही तोंड उघडायची हौस नव्हती, वाडीतल्या इतरांसारखीच.

वळू जगला. तिनं जगवला म्हणा. हळद-तेल लावलं, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं जखमा धुतल्या, पातळ आंबील वाटीवाटीनं पाजली, मॅडमच्या इंजेक्शनांची एकही खेप चुकवली नाही. अंगभर खड्डे राहिले, एक पाय किंचित आखडला, पण तो उभा राहिला. त्याच दिवसांत सयाजीची बायको बनुबाई गिरणीत तिच्याजवळ येऊन बसली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "आक्का, तुमाला म्हनून सांगते. आमच्या शर्यतीच्या बैलाला बेंदराच्या सनालाच गाठी आल्यावत्या. ताडपत्री लावून मागं बांदलावता ह्येंनी. तुमचा वळू रोज त्येच्याच हौदावर पानी प्याचा. कुनाला सांगू नगा."

 म्हणजे रोग आला कुठून, कुणी लपवला, हे वाडीतल्या एका घराला पहिल्यापासून माहीत होतं. आणि ते घर पोलीस पाटलाचं होतं. तिच्या जिवाची लाही लाही झाली. पण तिनं कुणाला सांगितलं नाही. बनुबाईनं बजावलं म्हणून नव्हे. वाडीत तिचं ऐकून घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

रोगाची बंदी उठली तेव्हा तिनं दावं काढलं. वळूला देवळापुढं नेलं, भंडारा टाकला आणि म्हणाली, "जा. तुजा तू." तो गेला, सवयीनं दारोदार गेला. पण दारं लावलेली होती. एका घरानं काठी उगारली, दुसऱ्यानं पाण्याची बादली अंगावर टाकली. कानातला पिवळा बिल्ला लांबून दिसायचा. "सरकारात तुजं नाव लागलंया," लोक हरणाबाईला सांगायचे. "आता त्यो देवाचा न्हाई. तुजा तू संबाळ." पुढच्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी सयाजीनं स्वतःच्या गोठ्यातला एक गोऱ्हा बँड लावून देवाला सोडला. वाडीनं पोटभर जेवण केलं. नवा देव मिळाला, जुना हरणाबाईच्या पदरात पडला.

जुना वळू दिवसभर भटकून तिच्याच गोठ्यामागं यायचा आणि त्या रिकाम्या खुंट्याजवळ उभा राहायचा. आणि तो कुठं मका खाऊन आला, की मक्याचा मालक येऊन दारात उभा राहायचा. हरणाबाई कधी बोलणी खायची, कधी वैरणीचा भारा द्यायची. तरीही तिनं त्याला बांधलं नाही. एकदा मोडला तेवढा शब्द पुरे, आता उरलेला पाळू, असं तिनं मनाशी धरलं होतं.

हे सगळं अंगवळणी पडलं आणि मग यंदाचा उन्हाळा आला.

बांधापलीकडं सयाजीचं रान. हरणाबाई शेण्या थापत होती आणि पलीकडं बनुबाईची गाय चरायला सोडलेली होती. गाय चरत नव्हती. तिच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती, आणि ती पुढचा पाय उचलून झाडत होती, टेकवत होती, पुन्हा झाडत होती. लाळ्या-खुरकूत. पाळण्यातलं पोरही ओळखेल असा रोग. वाऱ्यासारखा पसरतो तो. हरणाबाईनं बघितलं आणि शेणाचा गोळा हातातच राहिला.

त्याच आठवड्यात राजेश्वरी मॅडम आल्या. थकल्या होत्या, चष्मा लागला होता. देवळाकडं न जाता त्यांनी स्कूटी थेट हरणाबाईच्या दारात लावली. "मावशी, खालच्या गावांत लाळ्या सुरू झालाय," त्या म्हणाल्या. "इथं आहे का कुठं? बाकीचे सगळे नाहीच म्हणणार. तुम्ही खरं सांगता, म्हणून आधी तुमच्याकडं आले."

उत्कर्षानं चहा आणला. मॅडम पिऊ लागल्या. आतल्या खोलीत पप्पूचा फोटो भिंतीवर होता, बाहेर गोठ्यामागं वळू रवंथ करत होता. हरणाबाईनं बांधाकडं बघितलं नाही. तिच्या जिभेवर होतं सगळं. आता सांगितलं तर उद्या वाडीला लस टोचून होईल, कितीतरी दावणी वाचतील. ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

"माज्या दावनीला काय न्हाई," ती म्हणाली. "दुसऱ्याचं दुसऱ्याला इचारा बाई. ज्येचं नाव त्यो सांगंल."

मॅडमनी कप खाली ठेवला.  "बरं," म्हणाल्या आणि स्कूटी सुरू करून सयाजीच्या ओट्यावर गेल्या. सयाजीनं काय सांगितलं ते सांगायला नको. वाडी रोगमुक्त असल्याचं ऐकून मॅडम पुढच्या गावाला गेल्या.

धूळ खाली बसल्यावर हरणाबाई उठली. आढ्याला गुंडाळून ठेवलेलं दावं तिनं काढलं आणि गोठ्यामागं जाऊन वळूच्या गळ्यात बांधलं. त्यानं आपणहून मान पुढं केली. ह्या खेपेला ती रडली नाही. भंडारा लावला नाही की देवळाकडं तोंड केलं नाही.

सयाजी बांधावरून येत होता. बाईला हिनं काय सांगितलं ह्याची धाकधूक होती त्याला. "काकी," तो म्हणाला, "मॅडम काय म्हनत व्हत्या?"

"काय न्हाई."

"तुमी काय सांगितलं?"

"काय न्हाई सांगितलं."

सयाजीच्या तोंडावर उजेड पडला. मग त्याला बांधलेला वळू दिसला. गळ्यातलं दावं दिसलं, ताजी ओढलेली गाठ दिसली. त्यानं मान वळवून आपल्या रानात उभ्या असलेल्या गाईकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"मग ह्येला कशापायी बांदलाय?"

"माजा हाय," हरणाबाई म्हणाली. "सरकारात नाव हाय माजं. माजा मी बांदलाय. तुजी जित्राबं तू बग."

सयाजी तिथंच उभा राहिला. त्याला जे ठाऊक होतं ते तिलाही ठाऊक आहे, एवढं त्याला कळलं.

तेवढ्यात वाडीचा नवा देव, सयाजीनंच सोडलेला तो गोऱ्हा, आता चांगला भरलेला वळू, त्याच्या रानातून हौदाकडं गेला. गाईनं नुकतंच तोंड घातलं होतं त्याच हौदात त्यानं तोंड घातलं, पोटभर पाणी प्याला आणि पहिल्या घराच्या दिशेनं निघाला. दारातून एक सासुरवाशीण तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आली, त्याच्या खुरांवर पाणी ओतून तिनं हात जोडले आणि त्याला आत, गव्हाणीकडं नेलं.

हरणाबाईच्या ओठांवर ती वाटेवरची जुनी हाक आली. लांबनं जावा वो, ह्येच्यात रोग हाय. सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढा आवाज अजून तिच्याकडं होता. तिनं ती हाक गिळली, आपल्या दुबळेपणाची तिला मनापासून चीड आली, आणि ती आत जाऊन दार लावून बसली.